सदाशिव पेठेतली कौलारू डिस्क

मी पुण्यात लोकांच्या घरी सर्व्हर, नॅस (नेटवर्कवरून वापरायची डिस्कची पेटी), बॅकअप असलं लावून देतो. बरीचशी कामं विसरून जातात पण मागच्या पावसाळ्यातला सदाशिव पेठेतला एक गुरुवार डोक्यातून जात नाही. तिथले एक काका, निवृत्त प्राध्यापक, घरी फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवतात, तिच्यातल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमवर 4 टीबीच्या दोन डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, आणि त्यावर त्यांनी तरुणपणी देवळादेवळांत बसून टेप केलेली कीर्तनं, व्हिडिओ, पोथ्यांचे स्कॅन, सगळं मिळून 3 टीबी. मूळ कॅसेटींना बुरशी लागली म्हणून टाकून दिल्या, त्यामुळे आहे ते एवढंच.

एक डिस्क गेली. काकांनी तपकीर गल्लीतल्या दुकानातून तेवढ्याच साइजची स्वस्तातली नवीन आणून संध्याकाळी रिसिल्व्हर, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून नवीवर सगळं परत उतरवणं, सुरू केला, आणि सकाळी मला फोन, "अरे, काल सेकंदाला 130 एमबी जात होतं, आता 5 पण जात नाहीये!"

जाऊन आधी उरलेली जुनी डिस्क तपासली. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, 16. म्हणजे शेवटची उरलेली कॉपी, आणि तीही आजारी. मग नवी बघितली, तर रोटेशन रेट 5400 आरपीएम आणि खाली ट्रिम कमांड अव्हेलेबल. ट्रिम म्हणजे कुठली जागा रिकामी झाली ते डिस्कला कळवणं, ते मुख्यतः एसएसडीला लागतं, फिरणाऱ्या डिस्कला कशाला हवं? हे दिसलं की समजायचं, एसएमआर. (सगळ्याच एसएमआर हे दाखवत नाहीत, म्हणून डेटाशीट बघायचीच.) एसएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, मधलं एक बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते, म्हणून डिस्क आधी एका राखीव जागेत लिहून घेते आणि ती भरली की रांगायला लागते. 2020 मध्ये तर नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कपण एसएमआर निघाल्या होत्या, गिऱ्हाइकाला न सांगता, याचा मला अजून राग येतो.

मी म्हटलं, "काका, हे थांबवूया."
"अरे पण 60 टक्के झालंय की!"

त्यांचा जीव वर-खाली होत होता, साहजिकच आहे. पण हिशोब मांडला, उरलेले 1.2 टीबी 5 एमबीने म्हणजे जवळजवळ तीन दिवस, आणि तेवढा वेळ ती आजारी डिस्क राबणार. सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या नेहमीच्या डिस्कवर पहिल्यापासून सगळं केलं तरी सात-आठ तास. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "कर."

दुकानदाराला फोनवर मॉडेल नंबर अक्षर न अक्षर वाचायला लावला, कारण साइज तीच, नाव तेच, फरक शेवटच्या दोन-चार अक्षरांत असतो. सीएमआर, नॅसवाली डिस्क आणली. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट घालवतात, भरवसा नाही, म्हणून दुसरा यूपीएस जोडून घेतला, जुनी डिस्क बंद न करता नवी तिसऱ्या पोर्टला लावली आणि टेबलफॅन डिस्ककडे वळवला. काकू मधूनमधून चहा देत होत्या, काका स्क्रीनसमोरून हलले नाहीत.

रात्री उशिरा संपलं. झेडएफएसच्या झेडपूल स्टेटस कमांडने एकच फाइल खराब म्हणून दाखवली, पूर्ण नावासकट, आणि ते कीर्तन काकांनी साताऱ्याच्या भाचीला पेन ड्राइव्हवर दिलेलं होतं. त्याच आठवड्यात जुनी डिस्कपण बदलून दुसरी सीएमआर टाकली. एसएमआरवाली यूएसबी केसमध्ये घातली, एकदा लिहून कपाटात ठेवायच्या बॅकअपला ती उत्तम चालते, आता महिन्यातून एकदा काका स्वतः लावतात.