हुंड्याचा रकाना

गुरुवार, रात्री उशिरा

धारणीची एसटी आज सेमाडोहच्या घाटात अडकली, म्हणून आमच्या निवारागृहातलं दहाचं प्रशिक्षण साडेबाराला सुरू झालं. शिकवायला आलेल्या बाई उतरल्या तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पण हातातली प्लास्टिकची पिशवी कोरडी. पिशवीत, मारहाणीतून सुटून आलेल्या बाईची माहिती लिहून घ्यायचा आमचाच छापील फॉर्म होता, मागच्या आठवड्यात पाठवलेला. लाल पेनाच्या खुणांनी भरून आणला होता.

बाई कोरकू आहेत, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. आमच्या निवारागृहात येणाऱ्या निम्म्याअधिक बायका मेळघाटातल्या आणि इथं काम करणाऱ्या आम्ही सहाही जणी घाटाखालच्या. कोरकू एकीलाही येत नाही. ती काही मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे. संथाळी-मुंडारीच्या कुळातली वेगळीच भाषा आहे, नुसती कानावर पडून समजत नाही. इतकी वर्षं आम्ही खुणांवर आणि मोडक्या हिंदीवर भागवत आलो.

बाईंनी हुंड्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे विचारता, तेव्हा ती काय म्हणते?"

"नाही म्हणते."

"मग?"

"मग आम्ही 'नाही' लिहितो अन् पुढं जातो."

"आमच्यात हुंडा नसतेच, मॅडम. नवऱ्याकडचे लोक पोरीच्या बापाले देज देतात. मारते तेव्हा नवरा तेच काढते, तुह्या बापाले पैसे मोजले म्हणून. अन् पोरगी पळून माहेरी गेली, तर बाप म्हणते, देज वापस कुठून करू?"

खोलीत कोणी काही बोललं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमचं रजिस्टर आलं. 'माहेरचा आधार नाही' हे शब्द मी स्वतःच्या हाताने किती वेळा लिहिलेत! त्या बापांना मी मनातल्या मनात दगड म्हटलं होतं. त्यांच्या डोक्यावर परत करायचे पैसे आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

दुसरी लाल खूण लग्नाच्या तारखेवर होती. पुष्कळ जोडपी आधी एकत्र राहायला लागतात, गावजेवण पैसे जमतील तेव्हा. अशा बाईला लग्नाची तारीख विचारली की ती गप्प होते. आपलं लग्नच झालेलं नाही, तर आपली तक्रार कोण घेणार, असं तिला वाटतं. आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा विवाहासारख्या संबंधातल्या बाईलाही संरक्षण देतो. आम्हाला तो पाठ आहे, पण आमच्या प्रश्नानंच तिचं तोंड बंद होत होतं. आता तिथं 'कधीपासून एकत्र राहता' एवढंच विचारायचं ठरलं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. आजवर बाहेर कोणाला सांगितली नव्हती. एक पोरगी आली होती, ओठ फाटलेला, चार दिवस अवाक्षर नाही. रजिस्टरात आमच्यापैकी कोणी 'सहकार्य करत नाही' असं लिहिलंसुद्धा. शेवटी मी ओळखीच्या एका कोरकू माणसाला फोन लावला आणि स्पीकरवर त्याला दुभाषी केलं. माणूस भला होता, पण तो तिच्या सासरच्या भावकीतला निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा, दीर आणि सासू फाटकाशी उभे. पोरगी काही न बोलता पिशवी उचलून त्यांच्याबरोबर निघाली. मी अडवलं, समजावलं, ती माझ्याकडे बघेना. बघेल कशाला? माझ्याच फोननं तिचा ठावठिकाणा त्यांना कळला होता. बाईची इच्छा असेल तर ती कुठं आहे हे कोणाला कळू द्यायचं नाही, असं त्याच कायद्याच्या २००६ च्या नियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे. नियम माझ्या टेबलाच्या काचेखाली होता.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला दोष दिला नाही की धीरही दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "दुभाषी बाईच पाहिजे. अन् तिचं गाव कोणतं, माहेर कोणतं, हे आधी त्या पोरीले सांगायचं. ती हो म्हणली तरच फोन लावायचा."

हे सगळं झालं २५,००० रुपयांत. बाईंचं आणि त्यांच्यासोबत आलेल्या दोघींचं मानधन, गाडीभाडं, जेवण, आणि आम्ही प्रशिक्षणात बसलो तेव्हा बायकांजवळ थांबायला ठेवलेल्या बदली ताईंची मजुरी. ही मजुरी कोणत्याच अनुदानात बसत नाही. म्हणून एरवी निम्म्या जणी प्रशिक्षणातून उठून फाटक उघडायला जातात.

हे पैसे मिळवायला मला आठ महिने लागले. आमच्याकडे ब्लँकेटं येतात, स्टीलची ताटं येतात, ८ मार्चला शिलाई मशीन येते. देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे, थंडीत ती ब्लँकेटंच पांघरतो आम्ही. पण शिकण्यासाठी पैसे मागितले की समोरचा विचारतो, फोटो कशाचा काढायचा? शेवटी दिले एका निवृत्त शिक्षिकेनं. त्यांची धाकटी बहीण सासरी गेली ती परत आली नाही, एवढंच त्या बोलल्या. पावतीवर नाव नको म्हणाल्या, करसवलतीचा ८०जीचा कागदसुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी बाईंनी स्वयंपाकाच्या मावशींना कुटकी या भरडधान्याचा भात शिकवला. वरच्या खोलीतली एक जण, सोमवारपासून पोळी नुसती चिवडत होती, तिनं दोनदा वाढून घेतला. मावशी मला येऊन म्हणाल्या, "काहून नाही सांगितलं कोणी आधी, म्या केला असता ना!"

फॉर्म नवा छापायला टाकायचा आहे. कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी लावली आहे, दोन दुभाषी बायकांचे नंबर आणि पुढं त्यांची गावं. एक धारणीकडची, एक चिखलदऱ्याकडची. दोन्ही गावं एखादीला नको असतील, तर तिसरा नंबर हवा. बाई उद्या सकाळच्या गाडीनं जाणार आहेत, त्यांना स्टँडवर सोडताना विचारते.