गोरज मुहूर्ताच्या आदल्या दिवशी

२०१२ च्या मे महिन्यात वाईला एका लग्नाच्या शूटिंगचं काम होतं. मुहूर्त गोरज. माझा नेहमीचा कॅमेरा दुरुस्तीला गेलेला, म्हणून नवरीच्या मामांनी अमेरिकेहून आणलेला, तळहातात मावणारा स्वस्तातला फुल एचडी कॅमकॉर्डर वापरायचं ठरलं. मंगलाष्टकं काही परत म्हणून घेता येत नाहीत. आदला अख्खा दिवस मी तो कॅमेरा वेगवेगळ्या उजेडात चालवून पाहिला.

भर दुपारी कृष्णेच्या घाटावर रंग सुरेख आले. फक्त काळ्या पायऱ्या बघून कॅमेरा स्वतःच एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवायचा आणि वाळत घातलेली धोतरं पांढरीफटक व्हायची. एक्स्पोजर हातानं थोडं खाली घेतलं, काम झालं.

खरी अडचण कार्यालयात आली. ट्यूबलाइट लावल्या आणि स्क्रीनवर भिंत धडधडल्यासारखी उजळू-मावळू लागली. आधी वाटलं, कॅमेराच बिघडला. मग मेनू उघडून पाहिला. कॅमेरा अमेरिकेतला, तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेच्या हिशेबानं चालणारा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. शटर म्हणजे एकेका चित्रासाठी उजेड आत घेण्याची वेळ; ती १/६० सेकंद असली की कधी जास्त उजेड सापडतो, कधी कमी. शटर १/१०० वर बांधलं, की दर वेळी ट्यूबचं नेमकं एकदाचं उजळणं-मावळणं पकडलं जातं. भिंत शांत झाली. पण शटर वेगवान झालं म्हणजे आत येणारा उजेड घटला, आणि उजेड टिपणारा सेन्सर तर करंगळीच्या नखाहून लहान!

संध्याकाळी सातच्या सुमाराला मांडवात नवरीला उभं केलं. चाचणी आहे म्हटल्यावर तिनं हौसेनं नथही घातली होती. नेहमीच्या सवयीनं मी लांबून झूम केलं आणि चित्रात ग्रेन्सचा, म्हणजे दाणेदार ठिपक्यांचा, नुसता चिखल झाला. फोकस पुढे-मागे धावत राहिला. झूम न करता, म्हणजे वाइडला, एफ १.८ असलेली लेन्स झूमला ३.५ पर्यंत जाते; हा एफचा आकडा वाढला की आत येणारा उजेड घटतो, इथे जेमतेम चौथाई उरतो. या एका गोष्टीकडे नवी मुलं फार दुर्लक्ष करतात असं मला मनापासून वाटतं; पेटीवरचे झूमचे आकडे बघून कॅमेरा घेतात. मी झूम सोडला आणि चार फुटांवर गेलो. पांढऱ्या उपरण्यावर व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला दाखवलं. चेहऱ्याचा रंग जागेवर आला.

रात्री वाड्यात टीव्हीला वायर जोडून दोन्ही तुकडे लावले. नवरीच्या आजी पार पडद्याजवळ पाट ओढून बसल्या. त्यांना लांबचं दिसत नाही.

"उद्या मला काही दिसायचं नाही रे बाळा," त्या म्हणाल्या, "मी इथंच बघणार."

लांबून घेतलेल्या तुकड्यावर त्या काही बोलल्या नाहीत. जवळून घेतलेला लागला, तशा त्या पुढे वाकल्या आणि पडद्यावर बोट टेकवलं. "हा मोती बदललाय. माझ्या लग्नात पडला होता, मागून बसवलेला."

मी तसाच उठलो, गुरुजींना फोन लावला आणि अंतरपाटाच्या बाजूला, चार फुटांवर उभं राहायला जागा मागितली.