काट्यावरची तीन डोकी

"सगळ्यात भारी डीव्हीआर कोणता हे, तो घेऊन या, पैशाचं नंतर बघू." असा फोन आला की खरं तर आमच्या सीसीटीव्हीच्या धंद्यातल्या माणसानं खुश व्हायला पाहिजे, डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, पण मला आधी धाकधूक होते. असं बोलणाऱ्याचं नुकतंच काहीतरी गेलेलं असतंय आणि गेलेलं परत दाखवणारी मशीन त्याला पाहिजे असते, ती कुणीच बनवत नाही.

फोन होता जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका शेठचा. भंगार घ्यायचं, फर्नेसमधे वितळवायचं, बिलेट म्हणजे लोखंडाचे लांब ठोकळे पाडायचे आणि सळई काढायची असा सगळा कारभार. वितळताना घट येतेच, ती सगळे धरूनच चालतात, पण यांच्या हिशोबात घट त्याच्याही पुढं जाऊ राहिली होती आणि शेठच्या डोक्यात पक्कं बसलेलं की रात्री माल भिंतीवरून बाहेर जातो.

गेलो तर ऑफिसात टीव्हीवर 14 कॅमेरे एकदम चकाचक. म्हणलं शेठ, लाइव्ह राहू द्या, लाइव्ह तर कोणतीही मशीन चांगलंच दाखवते, मागच्या मंगळवारी रात्रीचं काढून दाखवा. मुनीमजींनी माऊस हातात घेतला आणि तिथंच अडकले, कारण मशीनच्या हिशोबानं आज 2000 सालचा जानेवारी चालू होता. लाईट गेली की घड्याळ पुसलं जायचं, आतला नाण्याएवढा सेल कधीचाच मेलेला, आणि वेळ लावायच्या भानगडीत कुणी पडलंच नव्हतं, त्यामुळं मंगळवार नेमका कुठं शोधायचा हाच प्रश्न. कसंतरी ढकलत ढकलत एक रात्र सापडली तर ट्रकचा नंबर म्हणजे नुसता पांढरा ठिपका.

डबा उघडला. आत सगळीकडं काळा भुगा, पंखा जाम, कोपऱ्यात एक वाळलेली पाल, आणि स्क्रू काढायला गेलो तर स्क्रूड्रायव्हरच्या मॅग्नेटवर लोखंडाच्या भुग्याची मिशी उगवली. हार्डडिस्क साध्या कॉम्प्युटरची घातलेली, 24 तास लिहायला बनवलेली नव्हे. कुणी बसवला होता ते मी विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो.

आता भारी डीव्हीआर म्हणजे काय. शेठच्या भाच्यानं मोबाईलवर एक मशीन काढून ठेवलेली, चेहरा ओळखणारी, ह्यंव करणारी त्यंव करणारी, किंमत बघून मलाच घाम आला. मी म्हणलं भाऊ, तुमच्या मिलमधे प्रत्येक माणूस तोंडाला दस्ती बांधून फिरतो, मशीन कुणाचा चेहरा ओळखणार? आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात 4के लिहिलेलं असतं ते वाचायचंच नाही, मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं. पुष्कळ डीव्हीआर मोठ्या रिझोल्युशनला सेकंदाला सात-आठच फ्रेम पकडतात, आपल्याकडं पूर्ण स्पीड म्हणजे 25. आणि 1080एन असं लिहिलेलं असेल तर ते फुल एचडी नव्हेच, 1920 च्या जागी रुंदीला 960 च ठिपके, निम्मं चित्र ताणून दाखवतात. शेठची जुनी मशीन तीच होती. 2 मेगापिक्सलचे चांगले कॅमेरे अन् खाली निम्म्याची मशीन.

मग हिशोब मांडला, बिलबुकाच्या मागच्या पानावर. 1 एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिटनं, 24 तास रेकॉर्डिंग केलं की 10.8 जीबी लागतात, हा आकडा पाठ असला की बाकी सगळं गुणाकारच. जुने 14 कॅमेरे 2 नं धरले, नवे चार 4 नं, झाले 44 एमबीपीएस, म्हणजे रोजचे 475 जीबी, म्हणजे 30 दिवसाला सव्वाचौदा टीबी. शेठ म्हणाले 3 महिने पाहिजे. म्हणलं घ्या की, पण मग 43 टीबी होतंय. शेवटी ठरलं की चार डिस्कची जागा असलेला डबा घ्यायचा, आत्ता 8 टीबीच्या दोन सर्व्हिलन्सवाल्या, म्हणजे 24 तास लिहायला बनवलेल्या, डिस्क टाकायच्या, बाकीच्या दोन जागा मोकळ्या ठेवायच्या. भारी मशीनचे पैसे जातात ते अशा ठिकाणी, डब्याच्या पोटात किती मावतं, चार कॅमेऱ्यांचं प्लेबॅक एकदम न अडकता चालतं का, घड्याळ इंटरनेटवरून आपोआप लागतं का. हे बाहेरून दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही.

आणखी एक भानगड होती. फर्नेस चालू झाली की तिकडच्या बाजूच्या कॅमेऱ्यांवर आडव्या पट्ट्या वर सरकायच्या, कारण कोअॅक्स केबल, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांची तांब्याची वायर, शेडभर फिरलेली आणि दोन टोकांच्या अर्थिंगमधे फरक. गेटवरचा वजनकाटा तर ऑफिसपासून लांब, नेटवर्कची तांब्याची केबल 100 मीटरच्या पुढं भरोशाची नाही. म्हणून काट्यापर्यंत फायबर टाकायचं ठरवलं, काचेतून करंट जातच नाही तर पट्ट्या येणार कुठून. मग मशीन अशी पाहिजे की जुने कोअॅक्सवाले पण घेईल आणि नवे आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे, पण घेईल. अशी हायब्रिड मशीन मिळते, बाजारात तिला एक्सव्हीआर म्हणतात, आणि भाच्यानं काढलेल्या मशीनपेक्षा बरीच स्वस्त बसत होती. शेठला उलट शंका आली की हा स्वस्तातलं का देऊ राहिला.

तर म्हणलं पटवून घ्या आधी, एक दिवस ट्रायलला लावतो. सकाळी सकाळी माझं पोरगं आणि मी, फायबरचं बंडल नुसतं भिंतीकडेनं सोडून, काट्यावर दोन कॅमेरे उभे केले. दोन का, तर एकानं भागत नाही. रात्री हेडलाइटसमोर नंबर प्लेट वाचायची तर शटर जोरात पाहिजे, आणि शटर जोरात केलं की काट्याच्या डिस्प्लेवरचे लाल आकडे तुटतात. ते आकडे सलग पेटत नसतात, आळीपाळीनं पेटतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेरा बरोबर पकडतो, 8 चा 3 दिसतो. वजनाच्या बाबतीत 8 चा 3 म्हणजे मारामारीच. म्हणून एक कॅमेरा प्लेट आणि कॅबिनसाठी, दुसरा हळू शटरचा, डिस्प्ले आणि प्लॅटफॉर्मसाठी.

त्याच्याही पुढचं काम म्हणजे इंडिकेटरच्या, म्हणजे काट्याचा आकडा दाखवणाऱ्या डब्याच्या, मागचं आरएस-232 चं पोर्ट, जिथून वजनाचा आकडा वायरनं बाहेर काढता येतो. दुकानाच्या काउंटरवरचं बिल रेकॉर्डिंगवर उमटवायची सोय असते ना, पीओएस म्हणून, ती या मशीनमधे होती. सगळ्यात नसते. इंडिकेटर प्रिंट मोडवर टाकला, मधे एक कन्व्हर्टर लावला, आणि काटेवाल्यानं प्रिंट दाबलं की स्लिप नंबर, गाडी नंबर, वजन, सगळं चित्रावर यायला लागलं. दुपारपर्यंत त्या सेटिंगमधेच डोकं गेलं, आधी नुसते चौकोन उमटत होते.

दुपारनंतर शेठचे वकीलसाहेब आले, चहा झाला, म्हणाले फुटेज नुसतं दिसून चालत नाही बाबा, आपल्या जालन्याचीच केस आहे की, 2014 च्या विधानसभेचे फॉर्म वेळेनंतर घेतले का यावरून, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवर अख्खा वाद, आणि 2020 च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कॉपी देणार असाल तर जुन्या साक्ष कायद्याच्या 65-बी चं सर्टिफिकेट लागतंच, मूळ मशीनच हजर केली तर गोष्ट वेगळी. आता 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मधे आलंय आणि सर्टिफिकेटमधे फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधे जरा जरी बदल झाला की बदलणारा आकडा, ती पण टाकावी लागते. मी लगेच एक क्लिप मूळ फॉरमॅटमधे पेनड्राइव्हवर काढून लॅपटॉपवर हॅश काढून दाखवली. वकीलसाहेबांनी मशीनचं घड्याळ आणि मोबाईलचं घड्याळ शेजारी शेजारी धरून बघितलं आणि मान हलवली.

मग संध्याकाळी शेठ म्हणाले, आज दिवसभरातलं काहीबी काढून दाखवा. मी टेबलावरच्या स्लिपातली एक उचलली, नंबर सर्चमधे टाकला. दोन क्लिपा आल्या, भरलेल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची. शेजारी शेजारी चालवल्या. वजनं बरोबर, प्लेट बरोबर, मला वाटलं झालं आपलं काम. शेठ मात्र खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेले आणि काचेवर बोट ठेवलं.

"हे किती जण हे कॅबिनमधे?"

भरलेली गाडी तोलताना तीन डोकी. रिकामी तोलताना एकटा ड्रायव्हर.

कुणीच काही बोललं नाही. दोन माणसांचं धरा सव्वाशे-दीडशे किलो, तेवढं भंगार म्हणून खरेदीला लागलं होतं, आणि दोघं शेडमागं चहा पीत बसले असतील. शेठ म्हणाले त्याच पार्टीची दुसरी गाडी काढा. काढली. तीन आणि एक. मग दुसऱ्या पार्ट्यांच्या गाड्या काढल्या तर तिथं जेवढे आले तेवढेच गेले. भिंतीवरून माल जात होता का नव्हता ते देव जाणे, पण काट्यावरून पैसा जात होता हे सगळ्यांसमोर आलं, आणि तेसुद्धा स्लिपमधे एका किलोची खोट नसताना. मुनीमजी कॅल्क्युलेटर घेऊन बसले, रोजच्या गाड्या, महिन्याचे दिवस, भाव. आकडा त्यांनी मला ऐकू जाईल असा बोलला नाही.

काटेवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, साहेब मला सांगितलंय आकडा बघायचा, डोकी मोजायची कुणी सांगितलं? आता त्याचा यात हात होता का नव्हता मला माहीत नाही, पण बोलला ते काही खोटं नव्हतं. शेठनं तिथंच हुकूम सोडला, गाडी काट्यावर चढली की ड्रायव्हरसकट सगळे खाली.

मशीन फायनल झाली. अॅडमिनचा पासवर्ड शेठनं स्वतः टाईप केला, आम्हाला सगळ्यांना पाठ फिरवायला लावून, भाच्याला सुद्धा. डबा धुळीतून काढून आतल्या केबिनमधे, जाळीच्या रॅकमधे, स्वतंत्र यूपीएसवर बसवायचा ठरला. भिंतीकडचे दोन कॅमेरे पण वाढवा म्हणाले, म्हणजे तो संशय गेला नव्हताच. आणि बिल काढायला बसलो तर एवढं सगळं होऊन शेठनं टेप काढून फायबरचे मीटर माझ्यासमोर मोजायला लावले, वर यूपीएस पदरचा टाका म्हणाले. निम्म्यावर तुटलं.