मेरिटवाल्यांचं गॅदरिंग

आमच्या नाशिकच्या कॉलेजात माणसाची ओळख टक्क्यांवरून करून दिली जायची. "तो कोण रे?" "फिजिक्सचा. डिस्टिंक्शन." संपली ओळख. नव्वदच्या दशकाची अखेर, पुणे विद्यापीठाची वर्षाअखेरची धडकी भरवणारी परीक्षा, आणि त्याच आवारात ज्युनिअर कॉलेज. इंजिनिअरिंगचा प्रवेश तेव्हा बारावीच्या पीसीएमवर, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या मार्कांवर ठरायचा. त्यामुळे बारावीची पोरं मांडवाच्या बाजूने जातानाही सायकलचा वेग वाढवायची. अशा कॉलेजात गॅदरिंग मात्र दणक्यात व्हायचं, आणि त्याचं श्रेय मी चक्क एका कायद्याला देतो.

१९९४चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा. त्याआधी कॉलेजांत निवडणुका रंगायच्या. पॅनेल, पोस्टरं, मारामाऱ्या, सगळं. थोरल्या भावंडांकडे त्याचे तिखटमीठ लावलेले किस्से असत. नव्या कायद्याने तो कारभार गुंडाळला. आदल्या वर्षीच्या परीक्षेत जो पुढे, तो वर्गाचा प्रतिनिधी, म्हणजे सी.आर.; आणि अशा मंडळींच्या विद्यार्थी मंडळातून सेक्रेटरी. आम्ही त्याला जुन्या सवयीने जी.एस., जनरल सेक्रेटरीच म्हणायचो. परिणाम असा, की ज्याने जन्मात मांडवाचा बांबू धरलेला नाही, त्याच्या हाती गॅदरिंगच्या तिजोरीची किल्ली.

आमच्या वर्षीचा जी.एस. केमिस्ट्रीचा. अतिशय गुणी पोरगा. त्याने मंडपवाल्यांची चौकशीही जर्नलमध्ये प्रयोग लिहावा तशी लिहिली: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे. सगळ्यांचे दर तक्त्यात मांडून सरासरी काढली. सरासरीने मांडव मिळत नाही, हे त्याला सांगायला केटीवाले लागले.

केटीवाले म्हणजे विषय मागे राहिलेले. मागच्या बाकावर बसणारे, सरांनी नाव घेतलं की अख्खा वर्ग हसायचा असे. पण ही पोरं जुन्या नाशकात, भद्रकालीत, पंचवटीत गणपती मंडळांत वाढलेली. स्पीकर कुणाचा चांगला, ढोलवाल्यांना किती आधी सांगावं लागतं, ऐन नाटकात लाइट गेली तर जनरेटर कुणाचा आणायचा, हे त्यांना तोंडपाठ. त्यातला एक मंडपवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "काका, गणपतीत आमच्याकडे तुमचंच काम असतं ना?" काकांनी चहा मागवला, दर उतरवला. जी.एस. शेजारी वही उघडी ठेवून बसला होता, पण यात लिहायचं काय ते त्याला कळेना. पुढे एप्रिलमध्ये याच काकावाल्याला त्याच जी.एस.ने थर्मोडायनॅमिक्स शिकवलं. तो सुटला.

गॅदरिंग जानेवारीत, म्हणजे नाशिकच्या खऱ्या थंडीत. तिकडे निफाडचा पारा रोज पेपरात आणि इकडे साडी डे. मुली नऊवारीवर स्वेटर घालून यायच्या आणि फोटोपुरता काढून मैत्रिणीकडे द्यायच्या. टाय डेला टाय बांधता येणारा मुलगा वर्गात एखादाच. सकाळी त्याच्यासमोर रांग. तालमी मात्र लवकर आटपाव्या लागत, कारण सिडको, सातपूर, नाशिकरोडच्या मुलींना शहर बस गाठायची असे. तेव्हा ती एसटीच चालवायची. आमच्या एकांकिकेतली आई नेहमी शेवटचा प्रवेश सोडून बससाठी पळायची. त्या प्रवेशात ती मरते, ही गोष्ट आम्हाला थेट प्रयोगाच्या दिवशी दिसली.

सुरगाणा, पेठ, कळवणहून आलेली होस्टेलची मुलं वर्षभर कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका वर्षी त्यांनी पावरी नाच बसवला. वाळलेल्या भोपळ्याची ती पावरी गावाहून आणली होती. वादकाने गाल फुगवले आणि तो घुमणारा सूर सुरू झाला, तेव्हा ऑर्केस्ट्राची वाट बघत शिट्ट्या मारणारं पब्लिक आधी गप्प झालं आणि मग उभं राहिलं. वन्स मोअर तीनदा. त्यानंतरही त्या मुलांशी कितीजण बोलायला लागले? फार नाही, हेही खरं.

पण गॅदरिंगचा जीव म्हणजे शेलापागोटे, एकमेकांची फिरकी घेणाऱ्या चिठ्ठ्या. काहीजण फिशपाँड म्हणायचे. आठवडाभर नोटीस बोर्डाखाली कुलूपबंद खोका असायचा. चिठ्ठ्या आधी दोन प्राध्यापक वाचत आणि कात्री लावत. ही कात्री आम्हाला तेव्हा जुलमी वाटायची. आज वाटतं आणखी चालायला हवी होती. कुणाच्या रंगावरून, गावच्या बोलीवरून केलेली चिठ्ठी एखादी निसटायचीच, आणि हशा झाला तरी तो विनोद नसायचा. चांगली चिठ्ठी अभ्यासावरच असायची. फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्या सरांना मिळालं, "सर, फळा पास झाला. आमचं काय?" कायम वाचनालयात बसणाऱ्या मुलीला, "मावशी विचारतात, बाई, जाताना दिवे तूच मालवशील का?" आणि टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत रंग बदलायच्या क्षणाची, एंडपॉइंटची वाट बघायचा प्रयोग, करता करता पलीकडच्या टेबलावर बघणाऱ्याला, "ब्युरेट गळते थेंब थेंब, नजर भलतीकडे. एंडपॉइंट यायचा कसा?" हा स्टेजवर गेला, लाजला, कागदी पगडी घालून खाली आला. पलीकडच्या टेबलावरची मात्र मांडवातून नाहीशी झाली होती. दुसऱ्या दिवशी दोघांनी बॅच बदलून मागितल्या, वेगवेगळे अर्ज करून. जी.एस.ला मिळालेलं शेलापागोटं कुणाला आठवत नाही, बहुतेक त्याच्यावर लिहायचं धाडस झालं नसावं. बक्षीस समारंभात त्याचं नाव इतक्यांदा पुकारलं गेलं, की पाहुण्यांनी शेवटी त्याला तिथेच थांबायला सांगितलं.

मांडव उतरला की सबमिशन, सर्टिफाय न झालेली जर्नलं, मार्चमधली प्रॅक्टिकल्स. त्यातच रंगपंचमी यायची. नाशिकचा रंग धुळवडीला नाही, पंचमीला. तिवंधा आणि शनी चौकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे जमिनीतले हौद, उघडायच्या आणि केटीवाले त्यात उड्या मारायचे. बाहेरून आलेल्या परीक्षकांना दुसऱ्या दिवशी गुलाबी कानांची बॅच बघायला मिळायची.

हिशोबाचं तेवढं राहिलं. जी.एस.ने पै न् पैचा ताळा लावून फाइल ऑफिसात दिली. मांडव उतरवणाऱ्या पोरांना भल्या सकाळी मिसळ आणि वर जिलबी खाऊ घातली होती, त्याचं हॉटेलवाल्याच्या हातचं बिलही जोडलेलं. आठवड्याने फाइल परत आली. मिसळ मंजूर. जिलबीवर लाल शाईची काट, आणि समासात शेरा: 'प्रयोजन स्पष्ट करावे.' केमिस्ट्रीच्या पहिल्या नंबराने त्यावर पानभर उत्तर लिहिलं. उद्देशापासून.