कर्जाच्या कौन्सिलिंगला जाताय? भिशीसुद्धा सांगा

"दाजी, आता हात वर करतो, नादारी घेतो" असं मेहुणा बोलला. त्याचं नाशिकच्या अंबडला छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो, म्हणजे मोठ्या कंपनीच्या व्हेंडरचा व्हेंडर, वरून पेमेंट लटकलं की याचे हप्ते लटकतात. पण नादारी म्हणजे नेमकं काय (कर्ज फेडणं जमत नाही असं कोर्टाकडून जाहीर करून घेणं) हे त्याला माहीत नव्हतं, आणि निम्म्या नाशिकलाही नसेल. 2016 चा दिवाळखोरी कायदा सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण त्यातला साध्या माणसाच्या कर्जाचा भाग अजून लागूच झालेला नाही (कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता 2019 पासून आहे). त्यामुळे आपल्याकडे अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदा, आणि त्यात अर्ज करायला कर्ज किमान किती पाहिजे, तर पाचशे रुपये! तेव्हापासून तसेच आहेत ते पाचशे. आणि एवढं करूनही घर तारण असेल तर ती बँक आपलं तारण सोडत नाही ते नाहीच.

म्हणून मी म्हटलं वकिलाआधी कौन्सिलरकडे, म्हणजे कर्जाबद्दल सल्ला देणाऱ्याकडे जाऊ. अमेरिकेत तर हे सक्तीचंच आहे, 2005 च्या कायद्याने दिवाळखोरीचा अर्ज करायच्या आधीच्या 180 दिवसांत मान्यता असलेल्या संस्थेकडे कौन्सिलिंग घ्यावं लागतं, शिवाय अर्जानंतर पैशाच्या नियोजनाचा वेगळा कोर्स. आपल्याकडे सक्ती नाही, मग लोक जातात कधी, तर दारावर नोटीस चिकटल्यावर. खरं तर आरबीआयने 2009 मध्येच बँकांना मोफत सल्ला केंद्रं काढायला सांगितलं होतं, 2012 पासून त्यांना वित्तीय साक्षरता केंद्र म्हणतात, आणि नाशिकची लीड बँक (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी) महाराष्ट्र बँक, तिच्या जिल्हा ऑफिसात चौकशी केली की पत्ता लागतो.

आता मुद्द्याचं. मेहुणा फाइल घेऊन गेला, घराचं कर्ज, मशिनचं कर्ज, दोन क्रेडिट कार्डं, सगळं छान लावलेलं. कौन्सिलर मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि त्याच्या बायकोला विचारलं, "ताई, भिशी किती? आणि दागिने कुठे आहेत?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग हळूहळू निघालं, उचललेली भिशी, सोनं गहाण, सासऱ्यांकडून घेतलेले हातउसने, आणि मोबाइलच्या अॅपवरचं लोन जे बायकोलाही माहीत नव्हतं. घरी जाताना रिक्षात कोणी कोणाशी बोललं नाही, पण माझ्या मते ती बैठक तिथेच वसूल झाली, कारण फाइलमधल्या आकड्यांवर प्लॅन बनवला असता तर दुसऱ्याच महिन्यात कोलमडला असता. नवरा-बायको दोघांनी जा, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

दुसरी गोष्ट, कोणाचे पैसे आधी. मेहुण्याचा हिशोब सोपा, जो जास्त ओरडतो त्याला आधी. अॅपवाले फोनवर घाण बोलायचे म्हणून त्यांना, आणि घरकर्जाची बँक गप्प म्हणून ती शेवटी. पण गप्प असणाऱ्या बँकेचं खातं 90 दिवसांत एनपीए (बुडीत खात्याकडे झुकलेलं थकीत कर्ज) होतं, मग 60 दिवसांची नोटीस, आणि मग थेट घरावर. मॅडमनी क्रम उलटा केला, आधी किराणा, लाइटबिल, पोरांची फी, मग घर, मग मशिन कारण त्यावर धंदा, बाकीचे नंतर. रिकव्हरीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही हेही त्याला तिथेच कळलं.

कार्डाचं गणित तर त्यांनी पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलं. एक लाख बाकी, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 3500 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी 630, आणि मिनिमम भरतोय 5000, म्हणजे मुद्दलात गेले जेमतेम 870. मेहुणा तो कागद खिशात घालून घेऊन आला.

आणि हो, "हप्ते बंद करा, आम्ही अर्ध्यात सेटल करून देतो" म्हणणारे फी घेणारे लोक म्हणजे कौन्सिलर नव्हेत, ते वेगळं दुकान. हप्ते थांबले की क्रेडिट स्कोअर पडतो, दंड चढतो, आणि फी आधीच गेलेली असते. सेटलमेंट करायचंच असेल तर बँकेशी स्वतः बोला, पैसे भरायच्या आधी लेटरहेडवर पत्र घ्या, भरल्यावर नो ड्यूज घ्या, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" लागणार हे धरून चाला, पुढचं लोन त्यावर अडतं. हा रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद, ती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. मेहुण्याचा काढला तर एक केव्हाच बंद केलेलं कार्ड अजून चालू दिसतंय, तक्रार टाकलीय, 30 दिवसांत निकाल नाही लागला तर पुढे रोजचे 100 रुपये भरपाई मिळायला पाहिजे असा नियम आहे, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय त्याने.