बोलोन्याला निघताना

बॅग भरून झाली. तिसऱ्यांदा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन स्वेटर आणि मफलर. उद्या सकाळी म्युनिकहून इटलीतल्या बोलोन्याची थेट गाडी आहे आणि रविवारी, 23 नोव्हेंबर 2025 ला, मी आयुष्यात पहिल्यांदा डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांच्या टेनिस स्पर्धेची, फायनल स्टेडियममध्ये बसून बघणार आहे. झोप काही येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तिकीट काढलं तेव्हा डोळ्यांसमोर इटलीचा सिनर विरुद्ध स्पेनचा अल्काराझ होतं. सिनरने ऑक्टोबरातच नाव काढून घेतलं. मग इटलीचाच मुसेत्तीही नाही. या मंगळवारी मांडीच्या मागच्या स्नायूने अल्काराझलाही घरी पाठवलं. ऑफिसातल्या एकाने लगेच विचारलं, "तिकीट विकणार का?" मी नुसतंच बघितलं त्याच्याकडे.

आजची सेमीफायनल बघितली असती, तर त्याने विचारलं नसतं. इटलीचा कोबोली आणि बेल्जियमचा बर्ग्स. तिसऱ्या सेटचा टायब्रेक, जो एरवी सात गुणांत संपू शकतो, तो 17-15! सात मॅच पॉइंट वाचवले कोबोलीने, म्हणजे सात वेळा हार एका गुणावर आली होती. मी इस्त्री करत होते. स्कोअर दहा-दहाच्या आसपास असताना इस्त्रीचं बटण बंद केलं ते केलंच, एक कुडता अजून तसाच चुरगळलेला पडलाय. देशासाठी खेळताना हे लोक काहीतरी वेगळेच होतात. स्वतःच्या रँकिंगसाठी खेळताना इतका जीव काढताना मी कोबोलीला बघितलेलं नाही. आता इटलीला लागोपाठ तिसऱ्यांदा चषक मिळवायची संधी आहे.

फायनलचं वेड मात्र बाबांकडून आलेलं. 1974 साली भारत आणि सोव्हिएत युनियनची सेमीफायनल पुण्यात झाली, तेव्हा ते कॉलेजात होते. आपले विजय आणि आनंद हे अमृतराज बंधू, समोर मेत्रेवेली. भारत जिंकला. त्याआधी कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला हरवताना पाच सामन्यांच्या एका लढतीत 327 गेम झाले होते, हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ आहे. आणि फायनल? ती झालीच नाही. समोर दक्षिण आफ्रिका होती, तिथे वर्णभेदाची राजवट, म्हणून भारताने खेळायला नकार दिला. चषक त्यांना न खेळता मिळाला.

"बरोबरच केलं," बाबा आजही ठामपणे म्हणतात. आणि तरीही पन्नास वर्षं झाली, दिवाळीच्या फराळाला बसलं की ती न झालेली फायनल खेळून घेतात. विजय दोन्ही एकेऱ्या जिंकतो. निकाल कायम 3-2. दुहेरीचा स्कोअर तेवढा दरवर्षी बदलतो. 1987 ला गोथेनबर्गमध्ये स्वीडनने आपल्याला 5-0 ने धुतलं, ती फायनल ते मोजतच नाहीत.

आता पाच सामने नाहीत, पाच सेटही नाहीत. दोन एकेरी, एक दुहेरी, तीन सेटमधले दोन जिंका आणि निघा. पहिल्या दोन एकेऱ्या एकाच संघाने घेतल्या की दुहेरी कोणी बघायलाही मागत नाही. हे मला अजिबात पटलेलं नाही. 2017 मध्ये बालेवाडीला न्यूझीलंडविरुद्ध पेसला दुहेरीत हरताना बघून मी रडले होते, त्यामुळे या विषयावर माझ्याकडून समतोल मताची अपेक्षा करू नये.

खरी पंचाईत उद्याची आहे. दुपारी स्पेन आणि जर्मनीची सेमीफायनल, आणि मी त्या वेळी आल्प्सच्या बोगद्यांत. ब्रेनरच्या आसपास नेट कधी येतं, कधी जातं. पंधरा वर्षं या देशात कर भरते आहे, तेव्हा थोडी बाजू जर्मनीच्या झ्वेरेवची. पण बोगद्यातून बाहेर पडल्यावर एकदम निकालच दिसणार असेल, तर फोन बंद ठेवलेला बरा.

बाबांनी काल एकच मागणी केली, "अगं, तिकिटाचा अर्धा तुकडा जपून आण." त्यांच्याकडे 1974 चा आहे, जुन्या पासबुकात. माझं तिकीट फोनमध्ये आहे, हे सांगितल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मग आत सोडताना फाडतात काय?"

काहीतरी कागदाचं आणीन म्हटलंय. कार्यक्रमपत्रिका, पेल्यावरचं कागदी वेष्टण, काहीही.

इथे रात्रीचे अकरा वाजलेत, म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेतीन. आणि बाबा ऑनलाइन दिसतायत.