चार नगरसेवक आणि ड्रेनेजची एक फाईल

16 जानेवारी 2026 ला पुणे महापालिकेचा निकाल लागला, मी नगरसेविका झाले, गुलाल, हार, सत्कार सगळं झालं, त्यावर लिहायला काही नाही. लिहायचंय त्या ड्रेनेजच्या फाईलबद्दल, राग अजून गेलेला नाही.

पुण्यात एक सोडला तर प्रत्येक प्रभाग चार जणांचा, जागा अ ब क ड अशा वेगळ्या पण भाग वाटून दिलेला नसतो, चौघंही अख्ख्या प्रभागाचे. त्यात मार्च 2022 पासून निकालापर्यंत महापालिकेवर प्रशासक होता, जवळजवळ चार वर्षं लोकांना हक्काने धरायला नगरसेवकच नव्हता, त्यामुळे एकेका घरातून चौघांनाही फोन जातात. आमच्या एका गल्लीत चेंबर भरून पाणी थेट जिन्याच्या पहिल्या पायरीला लागायचं. मी पत्र दिलं, "लाईन बदलणे". प्रभागातल्याच दुसऱ्या पक्षाच्या एका नगरसेवकाने त्याच गल्लीसाठी पत्र दिलं, "चेंबर दुरुस्ती". झालं, फाईल अडकली. एका टेबलावर म्हणे काम डबल दिसतंय, दुसऱ्या टेबलावर म्हणे एस्टिमेट कुठलं धरायचं ते लेखी द्या, आणि साहेब कायम मीटिंगला. विचारलं की एकच उत्तर, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." इकडे 31 मार्च तोंडावर, वर्ष संपलं की न खर्चलेली तरतूद लॅप्स होते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी कोणी फोन उचलून "तुम्ही दोघं एकदा बसा" एवढंही सांगितलं नाही. आणि गल्लीतल्या आजी मलाच म्हणणार, "ताई, मत तुम्हाला दिलं ना!" बरोबरच आहे त्यांचं.

शेवटी मीच बाकी तिघांना माझ्या ऑफिसात बोलावलं, पक्ष बाजूला ठेवून एकच पत्र केलं, चौघांच्या सह्या, खाली दोन्ही जुन्या पत्रांचे आवक क्रमांक टाकले आणि "ही पत्रे एकत्र धरावीत" असं स्पष्ट लिहिलं. फाईल हलली. त्या दिवशी मला निकालापेक्षा जास्त आनंद झाला, खरंच.

नव्याने निवडून आलेल्यांनो, प्रत्येक पत्राच्या झेरॉक्सवर आवकचा शिक्का घ्याच, तोंडी "दिलंय" कोणी धरत नाही. पत्र देण्याआधी बाकी तिघांना फोन करा, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. आणि हो, जेईंना (महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यांना) पाहणीला सकाळी सात-साडेसातलाच न्या, आंघोळी-धुण्याचं पाणी तेव्हा चालू असतं, दुपारी तोच चेंबर कोरडा दिसतो आणि रिपोर्टमध्ये "तक्रार आढळली नाही" येतं.